हलविलेली मान मागे घेण्याबाबत

मुक्काम भिंगार
दिनांक २ फेब्रुवारी १९७२

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
लिंबगल्ली पोलीस ठाणे,
भिंगार, जिल्हा अहमदनगर

अर्जदार : गहिनीनाथ रंगनाथ लवांडे, वय ४६, धंदा शेती व पिठाची गिरणी, राहणार तिसगाव, तालुका पाथर्डी

विषय : दि. ९ जानेवारी रोजी अर्जदाराने खोटी हलविलेली मान रद्द समजून खरा जबाब नोंदविणे, आणि अटकेतील शांतवन येशुदास भिंगारदिवे यांचा उजवा हात पुन्हा मोडून नीट बसविण्यास आठ दिवसांच्या आत परवानगी देणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. ९-१-७२ चा जबाब, जो तोंडाने न देता मानेने दिला. २) अर्जदाराचे दि. २४ व २७ जानेवारीचे दोन अर्ज, जे ठाण्यात घेतले गेले नाहीत. ३) दि. ३० जानेवारी रोजी ठाण्याच्या आवारात केलेले प्रात्यक्षिक.

महोदय,

१. अर्जदाराचा जबडा तारेने बांधलेला असून उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. त्याला लिहिता येत नाही, आणि बोलणे दातांच्या फटीतून जेवढे गळेल तेवढेच. म्हणून सदर अर्ज कचेरीबाहेर बसणारे अर्जनवीस राधाकृष्ण मुळे यांनी तीन दिवस अर्जदाराच्या तोंडाशी कान लावून लिहिला आहे. अर्जनवीस सव्वीस वर्षे लोकांची गाऱ्हाणी लिहीत आले. परंतु माणूस स्वतःविरुद्ध गाऱ्हाणे लिहून घ्यायला आला, असे या सव्वीस वर्षांत घडले नव्हते. त्याचा छापील नमुना नसल्याने भाषा कोठे कोठे कचेरीला साजेशी राहिलेली नाही. त्याची माफी असावी.

२. भिंगार बाजाराच्या पाठीमागे, पडक्या तबेल्याच्या भिंतीला लागून एक चिंच आहे. दर रविवारी सकाळची चर्चमधली उपासना सुटली की तेथे जुन्या मोटारींचे मालक जमतात. या मोटारी म्हणजे साहेबलोक जाताना टाकून गेले त्या, लष्करी लिलावात निघाल्या त्या, आणि कोणाच्या तरी गोठ्यात कोंबड्यांनी आत अंडी घालून झाल्यावर बाहेर काढल्या त्या. नवी गाडी घेण्याची ऐपत नाही आणि एस.टी.ची वाट पाहण्याची तयारी नाही, अशी ही दहा-बारा माणसे. कोणी बेलापूरहून येतो, कोणी तिसगावहून, आणि प्रत्येक जण आठवड्याची अडचण घेऊन येतो. पेट्रोलची टाकी झिरपते, काय करावे? कपडे धुण्याचा साबण दाबून चोळावा. क्लच घसरतो? चुलीतली राख चाळून मूठभर टाकावी. पावसात काचेतून दिसत नाही? तंबाखू ओली करून काच पुसावी. घाटात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते? पंपाला ओले फडके गुंडाळावे आणि एक विडी होईपर्यंत थांबावे, विडी मात्र लांब जाऊन ओढावी. अशी ही चर्चा दुपारच्या जेवणापर्यंत चालते व तीत आजवर कोणाचे नुकसान झाले नव्हते. गाड्यांचे झाले असेल.

३. चिंचेखाली एकच नियम आहे व तो या प्रकरणाच्या मुळाशी आहे. जो सल्ला देईल, त्यानेच मोटारीच्या तोंडात लोखंडी हँडल घालून फिरवायचे, म्हणजे हँडल मारायचे, आणि गाडी चालू करून दाखवायची. पूर्वी हा नियम नव्हता, तेव्हा दर गाडीमागे चाळीस सल्ले मिळत. नियम झाल्यापासून निम्म्या लोकांना खोकला येऊ लागला आणि उरलेले विचार करून बोलू लागले.

४. शांतवन भिंगारदिवे हे पूर्वी लष्करी वर्कशॉपात फिटर होते व आता घरच्या ओसरीवर दुरुस्तीची कामे घेतात. हातातला पाना हीच त्यांची शेती आणि हीच गिरणी. उपासनेचा काळा कोट चिंचेच्या फांदीला अडकवायचा, बाह्या दुमडायच्या आणि दुसऱ्याच्या गाडीत डोके घालायचे, हा त्यांचा रविवार. सल्ले सर्वांत जास्त त्यांचे, म्हणून हँडलही सर्वांत जास्त त्यांनीच मारले. चिंचेखाली नवा माणूस आला की ते त्याला पहिली गोष्ट शिकवीत, ती ही : "हँडलला मूठ मारू नका बरं. अंगठा बोटांच्या जोडीनं ठेवा. इंजिनानं उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटून जातंय. अंगठा आडवा घातला, का मनगट गेलं." अर्जदारालाही त्यांनीच हे शिकविले.

५. अर्जदार तिसगावात तेलाच्या इंजिनावर गिरणी चालवितो. त्यामुळे इंजिन या विषयात आपल्याला कोणी शिकवू नये, असे त्याचे मत होते. मत कोणी विचारत नव्हते, तरी तो सांगत असे. त्याच्या मोटारीचा, म्हणजे १९४७ सालच्या चार दारांच्या विलायती मोटारीचा (दारे चार, उघडतात दोन), रेडिएटर गळू लागला. शांतवनांनी सल्ला दिला, चिमूटभर हळद टाका, भोक बुजेल. अर्जदाराने घरी जाऊन विचार केला की चिमूटभर हळदीने एवढे होते, तर गिरणीवाल्याच्या घरी पिठाला काय तोटा? त्याने दोन शेर ज्वारीचे पीठ टाकले. दि. २६ डिसेंबर रोजी करंजी घाटात मोटार उकळली आणि कशीबशी चिंचेपर्यंत आली. शांतवनांनी फडक्याने टोपण उघडले. आतून तांबूस, दाट, बुडबुडणारा पदार्थ वर आला व बॉनेटवर पसरला. शांतवनांनी वाकून पाहिले आणि म्हणाले, "गहिनीनाथराव, आंबील तर झक्कास शिजलीय. मीठ घातलंय का न्हाई?"

६. मंडळींची हसून हसून मुरकुंडी वळली. निवृत्त शिक्षक आप्पासाहेब कडू यांना ठसका लागून पाठीत बुक्क्या माराव्या लागल्या. बेलापूरच्या बन्सी ससाणेने बोट बुडवून चाटले व मीठ कमी असल्याचे जाहीर केले. शांतवन स्वतः डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ही हकिकत अर्जदाराच्या आधी तिसगावला पोहोचली. बाजारच्या दिवशी दळण घेऊन आलेल्या बायका दारातूनच विचारू लागल्या, "दादा, आमचं दळण गिरणीतच टाकलंय ना? का रेडिएटरात?" अर्जदाराच्या सख्ख्या मेव्हण्याने चारचौघांत त्याला आंबीलवाले अशी हाक मारली. अर्जदाराने हे हसण्यावारी न्यायला हवे होते, असे त्याला आज वाटते. त्या वेळी त्याने डोक्यात राख घालून घेतली. त्याला झोपेत, जेवताना, जात्याचा आवाज ऐकताना एकच गोष्ट दिसू लागली, ती म्हणजे टोपण उघडणारा शांतवनांचा उजवा हात.

७. यापुढील मजकूर आजवर कोणत्याही कागदावर आलेला नाही. दि. ९ जानेवारी, रविवार. अर्जदार मुद्दाम तासभर लवकर चिंचेखाली आला. उपासना चालू होती, गाण्याचा आवाज भिंतीवरून येत होता. त्या गाण्यात अर्जदाराने बॉनेट उघडले, डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करून तो इतका फिरवला की ठिणगी वेळेच्या फार आधी पडावी. ठिणगी आधी पडली की इंजिन उलटे फिरते आणि हँडल मागे फेकते. हे अर्जदाराला ठाऊक होते. पूर्वी एका गिरणीवर अशा झटक्याने माणसाचे कोपर उलट्या बाजूला वाकलेले त्याने पाहिले होते. परंतु शांतवन अंगठा मोकळा ठेवीत, तेव्हा त्यांचा हात निसटून जाण्याचा संभव होता. म्हणून अर्जदाराने हँडलच्या मुठीला ग्रीस चोपडले. निसरड्या हँडलला माणूस आपोआप पूर्ण मूठ मारतो. एवढे करून अर्जदाराने हात मातीने पुसले आणि गाणे संपण्याची वाट पाहिली.

८. मंडळी जमल्यावर अर्जदाराने साधा चेहरा करून प्रश्न मांडला, "गाडी धरत न्हाई. काय करावं?" शांतवनांनी कोट फांदीला अडकवला. म्हणाले, "गार पडलीय. चोक वढा, मी दोन दम देतो." सल्ला त्यांचा, म्हणून हँडल त्यांचे. त्यांनी हँडल धरले, हात घसरला. त्यांनी हात पँटला पुसला, पुन्हा धरले, पुन्हा घसरला. मग ज्या माणसाने अख्ख्या भिंगारला अंगठा मोकळा ठेवायला शिकविले, त्या माणसाने अंगठा आडवा घालून मूठ मारली. अर्जदार त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होता. एक शब्द बोलला असता तरी पुरे होते. 

९. ओली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला. हँडलने हात वर फेकला व खाली आणला. मनगटाचे हाड कातडीखाली उभे राहिले आणि अंगठा मुळापासून मागे वळून मनगटाला टेकला. शांतवन ओरडले नाहीत. त्यांनी डाव्या हाताने उजवा तळहात उचलला, त्यावरचे ग्रीस पाहिले, आणि मग अर्जदाराकडे पाहिले.  नंतर चिंचेच्या बुंध्याशी जाऊन खाली बसले. शांतवनांना सर्व कळले होते हे अर्जदाराला तेव्हाच समजले.

१०. येथे कोणीही शहाणा माणूस म्हणेल की मंडळींनी जखमीला उचलून दवाखान्यात न्यावे. तसे झाले नाही. झटका कशाने आला यावर मंडळींत मतभेद झाला. बन्सी म्हणाला, टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ. आप्पासाहेब म्हणाले, कार्बोरेटर. बन्सी म्हणाला, "मास्तर, तुमाला गाडीतलं काय कळतंय? बॅटरीत गूळपाणी घाला म्हणणारे तुमीच ना?" यावर आप्पासाहेबांनी, ज्यांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत छडीही बेताने वापरली होती, हवा भरायचा लोखंडी पंप बन्सीच्या कानावर मारला. कान वरून फाटला. बन्सीने जॅकची सळई घेऊन मास्तरांची भुवई फोडली. पाच मिनिटांत टायमिंग व कार्बोरेटर असे दोन तट पडले. फॅनचे पट्टे, पाने, साखळ्या, जे हाताला लागेल ते चालले. तीन मोटारींच्या काचा व एका गृहस्थाचे नाक फुटले. आणखी एक गृहस्थ, ज्यांचे या विषयावर अद्याप काहीच मत झाले नव्हते, त्यांना दोन्ही बाजूंनी मारले. जमिनीवर रक्त आणि इंजिनचे तेल एकत्र झाले होते. आणि या सर्व वेळात, ज्या एकाच माणसाला खरे कारण सांगता आले असते तो बुंध्याशी बसून हात मांडीवर घेऊन होता, आणि ज्याने ते घडवून आणले तो मडगार्डला टेकून उभा होता.

११. अशात शांतवनांच्या पत्नी दयाबाई चहाची किटली घेऊन आल्या. त्या मिशनच्या शाळेत शिवण शिकवितात. त्यांनी किटली खाली ठेवली, नवऱ्याचा हात पदराने पुसला. पदराला ग्रीस लागले. त्यांनी पदराचा वास घेतला. मोटारीच्या तोंडात अजून अडकलेल्या हँडलकडे पाहिले. मग सगळे एकमेकांच्या उरावर बसलेले असताना एकटाच स्वच्छ कपड्यांत उभा असलेल्या अर्जदाराकडे पाहिले. त्यांनी एकच विचारले, "हँडलला ग्रीस कोन लावतं, गहिनीनाथभाऊ?"  त्यांनी हँडल उपसून काढले व अर्जदाराच्या तोंडावर मारले. जबडा दोन ठिकाणी मोडला, खालचे तीन दात पडले, त्यांपैकी एक गिळला गेला.

१२. गलक्याने ठाण्याचे जमादार शिपाई घेऊन आले. अर्जदार तेव्हा जमिनीवर होता व त्याच्या तोंडातून रक्ताशिवाय काही निघत नव्हते. जमादारांनी जवळच बसलेल्या, मारामारीत उडालेल्या रक्ताने व ग्रीसने माखलेल्या शांतवनांकडे बोट करून विचारले, "कुनी मारलं? ह्यानं?" अर्जदाराने होकारार्थी मान हलविली. सबंध खटला या हलविलेल्या मानेवर उभा आहे. ती का हलली, तेही लिहून घ्यावे असा अर्जदाराचा आग्रह आहे. लवांड्यांच्या माणसाचा जबडा एका बाईने मोडला, हे गिरणीवर कळले असते तर त्यापेक्षा आंबील परवडली, अशी एक लाज. आणि शांतवन आरोपी झाले की ग्रीसबद्दल कोणी विचारणार नाही, अशी एक भीती. दोन्ही कारणांना मिळून मान एकदाच हलवावी लागली. शांतवनांनी बायकोकडे पाहिले आणि म्हणाले, "व्हय, मीच मारलं." जमादारांनी 'डाव्या हाताने' असे लिहून घेतले. मनगट मोडलेला माणूस बसल्या जागेवरून आठ फुटांवरच्या माणसाचा जबडा कसा मोडतो, हे विचारले गेले नाही. दयाबाई तीनदा ओरडून सांगत होत्या की मारले मी. जमादार म्हणाले, "बाई, नवऱ्यापायी खोटं बोलू नगा. घरी जा." हत्यार म्हणून बन्सीची जॅकची सळई जप्त झाली. तिला लागलेले केस आप्पासाहेबांचे आहेत. खरे हँडल दयाबाई पदरात गुंडाळून घरी घेऊन गेल्या. शांतवन खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपाखाली तुरुंगात गेले. तेथे त्यांच्या हाताला कामट्या लावून चिंधी बांधण्यात आली.

१३. अर्जदाराचे दात तारेने बांधून त्याला तिसगावी पाठविण्यात आले. चघळता येत नाही, तेव्हा त्याला काय द्यावे? डॉक्टरांनी सांगितले, पातळ द्या. अर्जदाराच्या पत्नी लंकाबाई रोज दोन वेळा, तान्ह्या पोराला पाजतात त्या बोंडल्याने, त्याच्या गालातून ज्वारीची आंबील ओततात. तिसऱ्या दिवशी तिने नेहमीसारखे, मनात काही न ठेवता विचारले, "मीठ बरूबर हाय ना?" अर्जदार भिंतीकडे तोंड करून रडला. तोंड उघडत नसताना रडणे फार दुखते.

१४. दि. २१ जानेवारी रोजी दयाबाई एस.टी.ने तिसगावला आल्या. त्या ओसरीच्या कडेला बसल्या, पाणीसुद्धा घेतले नाही. म्हणाल्या, "मी ठाण्यावर दोनदा जाऊन आले. मी मारलं म्हणलं का तिथं हसतात. तुमी मान हलवलीय, ती तुमीच परत घ्या. माझं नाव लिहा. मला लाज न्हाई." मग त्यांनी सांगितले की तुरुंगात आलेल्या डॉक्टरांनी हात पाहिला. हाड वाकडे जुळत आहे. आणखी काही दिवस गेले तर तो हात घास तोंडाशी नेईल, पाना धरणार नाही. आणि उठता उठता त्यांनी एक चिठ्ठी दिली. शांतवनांनी ती डाव्या हाताने लिहिलेली होती, अक्षर पहिलीतल्या मुलासारखे. तीत लिहिले होते : "गहिनीनाथराव, गाडी चिंचेखाली तशीच उभी आहे. टायमिंग मागे घ्या. हँडल राखेने पुसा, ग्रीस ठेवू नका. दुसऱ्या कोणी हात लावण्याआधी करा, नाहीतर आणखी एखाद्याचे मनगट जाईल. अंगठा मोकळा." शिवी नाही, शाप नाही. तुरुंगातून माणसाने गाडीचा सल्ला पाठविला होता. अर्जदाराने ती चिठ्ठी लंकाबाईसमोर वाचली आणि त्याच दिवशी, पाटीवर लिहून, तिला सर्व सांगितले. तिने पाटी पुसली नाही. ती अजून देव्हाऱ्याखाली आहे.

१५. अर्जदार दि. २४ रोजी लेखी अर्ज घेऊन ठाण्यात हजर झाला. साहेब बंदोबस्तावर बाहेरगावी होते. जमादारांनी अर्ज वाचला व सांगितले की फिर्यादीला आरोपी करायचा कागद ठाण्यात नाही. दि. २७ रोजी अर्जदार पुन्हा गेला. जमादारांनी या वेळी अर्ज शिपायांना मोठ्याने वाचून दाखविला. म्हणाले, "मोटार काय मानसाचा हात मोडती व्हय? ती काय बैल हाय मारायला? मोडती तर दाखवा करून." अर्जदाराने हे वाक्य हुकूम समजून लिहून घेतले.

१६. दि. ३० जानेवारी, रविवार. शांतवनांचा सल्ला अर्जदाराने तोवर पाळला नव्हता, कारण टायमिंग हलविले तर पुरावा हलला असता. चिंचेखालच्या मंडळींनी ती मोटार ढकलत ठाण्याच्या दारात आणली. एका कानाला पट्टी बांधलेला बन्सी आणि एक डोळा सुजलेले आप्पासाहेब एकाच मडगार्डला खांदा लावून होते. मोटारीचे दिवे गेल्या डिसेंबरच्या लढाईतल्या सक्तीच्या काळोखासाठी अर्धे काळे रंगविलेले होते, ते तसेच. दयाबाईंनी लुगड्यात गुंडाळलेले हँडल आणून दिले. त्यावर ग्रीस होते, आणि कडेला अर्जदाराचे वाळलेले रक्त. जमादार पान लावीत पायरीवर उभे राहिले. अर्जदाराने अंगठा आडवा घालून मूठ मारली व हँडल फिरविले. जी मोटार तीन वर्षांत पहिल्या हँडलला कधी चालू झाली नाही, ती लगेच चालू झाली आणि गुणी मुलीसारखी चालत राहिली. जमादार हसले. शिपायांनी टाळ्या वाजविल्या. मोटार बंद करून अर्जदाराने दुसऱ्यांदा हँडल मारले. ती पुन्हा चालू झाली.

१७. तेव्हा बन्सी जवळ येऊन हळूच म्हणाला, "भ्यालाय म्हणून लई जोरात वढताय. हळू वढा, मंग मारंल." हा सल्ला होता. नियमाप्रमाणे आता हँडल बन्सीचे होते, आणि त्याने बाह्या वर केल्याही. अर्जदाराने त्याच्याकडे पाहून मान नकारार्थी हलविली. या प्रकरणात अर्जदाराने खरी हलविलेली मान ती एवढीच. त्याने दयाबाईंकडे पाहिले नाही. हँडल गच्च धरले आणि हळू, अगदी हळू, विहिरीतून भरलेली घागर ओढावी तसे ओढले.

१८. झटका आला तेव्हा मनगटाची दोन्ही हाडे मोडली व एक कातडी फाडून बाहेर आले. अर्जदार ओरडला, परंतु तोंड बांधलेले असल्याने ओरड बाहेर न येता तारेवर बसली. तारा हिरडीत रुतल्या व दातांच्या फटींतून रक्त आले. हँडल सुटून जमादारांच्या पायरीवर आपटले. लावलेले पान त्यांच्या हातातून पडले.  हे प्रात्यक्षिक यशस्वी झाले असे अर्जदारास वाटते. परंतु ठाण्याच्या वहीत त्याची नोंद 'रहदारीस अडथळा होईल अशा रीतीने वाहन उभे करणे' अशी झाली असून मोटार जप्त करण्यात आली आहे. शांतवनांचा त्यात उल्लेख नाही.

१९. दवाखान्यात अर्जदाराची हाडे बसविताना डॉक्टर म्हणाले की ताजे मोडलेले सरळ बसते. यावरून अर्जदारास शांतवनांचा हात आठवला व त्याने भूल उतरण्याआधीच हा अर्ज लिहून घेण्याचे ठरविले.

२०. तरी विनंती अशी की, सर्वांत आधी शांतवनांना इस्पितळात पाठविण्याची परवानगी द्यावी. डॉक्टरांच्या मते दि. १० फेब्रुवारीनंतर तो हात पुन्हा मोडून बसविला तरी उपयोग होणार नाही, आणि खटल्याची तारीख ११ आहे. एका दिवसाने माणसाचा धंदा जाऊ नये. हात बरा झाल्यावर त्यांना सोडावे. अर्जदारास हात जाणूनबुजून मोडल्याबद्दल व खोटी मान हलविल्याबद्दल अटक करावी. तो रोज सकाळी दहा वाजता ठाण्यासमोरच्या कट्ट्यावर येऊन बसतो, त्यामुळे शोधाशोध करावी लागणार नाही. तुरुंगात पातळ अन्नाची सोय नसल्यास लंकाबाई डबा पोहोचवतील. दयाबाईंचे नाव त्यांच्याच आग्रहावरून लिहिले आहे. त्यांच्याविरुद्ध अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. त्यांच्यावर खटला भरल्यास अर्जदार त्यांच्याच बाजूने साक्ष देईल, मग तोवर तोंड उघडलेले असो वा नसो. जप्त मोटारीला कोणी हँडल मारू नये, अशी सर्व शिपायांना ताकीद द्यावी. टायमिंग अद्याप तसेच आहे.

आपल्या ठाण्याला तिसऱ्यांदा त्रास देणारा,
आपला नम्र,

गहिनीनाथ रंगनाथ लवांडे
(उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने डाव्या हाताचा अंगठा उठविला आहे.)

लिहिणार : राधाकृष्ण मुळे, अर्जनवीस. या अर्जाच्या लिखाणाबद्दल काही घेतलेले नाही.

सोबत :
१) खरे हँडल, लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले. ग्रीस पुसलेले नाही.
२) शांतवन भिंगारदिवे यांची डाव्या हाताने लिहिलेली चिठ्ठी. वाचून परत मिळावी.
३) बन्सी ससाणे व आप्पासाहेब कडू यांचे एकाच कागदावरील निवेदन की, झटका टायमिंगनेच आला. आप्पासाहेबांनी 'कार्बोरेटरही तपासावा' असे खाली जोडले आहे.

(अर्जाच्या पाठीमागे, वेगळ्या अक्षरात)

हा अर्ज मी स्वतः वाचला. परिच्छेद ११ मध्ये दुरुस्ती आहे. तडाखे दोन होते. पहिला तोंडावर बसला. दुसरा गहिनीनाथभाऊ पळत असताना पाठीत बसला, तो लिहायची त्यांना अजून लाज वाटते. ते पाय अडकून पडले तेव्हा तिसऱ्यांदा मी डोक्यावर मारायला हँडल उचलले होते आणि मारलेच असते. तेवढ्यात मागून माझा पदर कोणीतरी ओढून धरला. वळून पाहिले तर माझा नवरा, मोडलेला हात छातीशी धरून, उठून आलेला. जमादारांनी लिहिले आहे की यांनी डाव्या हाताने मारले. त्या दिवशी यांनी डाव्या हाताने एवढेच केले.

दया शांतवन भिंगारदिवे